सोनेरी शिक्क्याची बरणी

ता. ३ जून

चि. खारूस, आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तर सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची शिंपीणबाई, तोंडात टाचण्या तशाच. पंधरवड्यामागची गोष्ट. मागून तिची भाची, ताकदीच्या गोळ्या विकणारी. बरणीवर सोनेरी शिक्का, त्यात बरोबरची खूण. बोट लावून लावून वाचलं, शंभर टक्के शुद्ध, तपासलेलं. मला शाळेत बरोबरची खूण कधी मिळाली नाही, म्हणून जरा जास्तच भुलले. आमच्या जिन्यावरच्या सहाजणींनी घेतल्या.

आता हसू नकोस हं. पाचव्या दिवसापासून दुपारी तुझे आजोबा येतात. जाऊन अकरा वर्षं झाली, पण चष्मा शोधायची खोड तीच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शोधतात. मी म्हटलं, डोक्यावर आहे की! तर हसले. शिंपीणबाईकडे तिची गेलेली लेक येते. वेणी घालून घेते म्हणे. आम्ही दोघी अगदी हरखून गेलोय. छातीत धडधडतं, हात थरथरतात, पण ते आनंदानं असेल. प्रयोगशाळेत उभी राहून राहून तू वाळलीस, म्हणून चार गोळ्या पाठवतेय, नि शिक्का बघायला संपलेली एक बरणी. घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ता. ८ जून

ती. आजीस, खारूचा सा. न.

गोळ्या आजच बंद कर आणि डॉक्टरांकडे जा. तुझ्या चारही गोळ्या मी आमच्या मशीनवर तपासल्या. बरणीवर कुठेच न लिहिलेलं औषध आहे त्यांत. भास होतात त्यानं, हृदयाचे ठोकेही चुकतात.

तो शिक्का कंपनीनं स्वतःच छापलाय. आपणच आपली पाठ थोपटायची, तसं. खरी तपासणी बाहेरची संस्था करते. तिचं नाव नि नंबर बरणीवर असतो आणि तो तिच्या यादीत सापडतो. या बरणीवरचा नंबर कुठल्याच यादीत सापडला नाही. आणि खऱ्या शिक्क्याचा अर्थही एवढाच, की लिहिलंय तेच आत आहे. ताकद येईलच असं नाही. सरकारी तपासणीवाल्यांना कळवलंय.

आजी, आजोबांचं वाचून मी खूप रडले. तरीही बंद कर.

रागावलीस तरी लोभ ठेव.
खारू

ता. १६ जून

चि. खारूस, शहाण्या नातीला आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली नि घड्याळ बघून पुन्हा पहिल्यापासून मोजली. त्याच दिवशी बंद केल्या. मग दोन दिवस हे आले, पण पुसट. तिसऱ्या दुपारी नुसती खुर्ची. दिवेलागणीपर्यंत मी तिच्यासमोर बसून होते.

परवा तपासणीवाले दोघे बरण्या न्यायला आले. पाचजणींनी दिल्या. शिंपीणबाई दारात आडवी उभी राहिली. मला म्हणाली, तुमचे पिकल्या पानासारखे गेले हो, माझी तर अजून शाळेत जातेय. पण तिच्या हाताला असा कंप, की सुईत दोरा जाईना. तपासणीवाल्यांना म्हटलं, हिसकावू नका, मी बघते.

तेव्हापासून तिच्याकडेच बसलेय. डॉक्टरीणबाईंनाही घेऊन गेले. काल तिनं गोळी तोंडाशी नेली नि माझ्या हातावर ठेवली. दुपारभर तिची बोटं हवेत वेणी घालत होती. पेड सुटला की पुन्हा पहिल्यापासून. मीही केसांची रिबीन धरल्यासारखा हात पुढे करून बसले. रिबीन घ्यायला तिचा हात माझ्या हातापर्यंत आलाच नाही.

आज बरणी तिनं स्वतःच माझ्या ओट्यावर आणून ठेवली, तोंड फिरवून.

आहे तसा लोभ वाढता ठेव.
तुझी आजी

ता. क. तपासणीवाले मंगळवारी पुन्हा येतो म्हणालेत.