मान खाली घालून काढलेले बारा फोटो

३ सप्टेंबर १९७८, रविवार
कॅमेरा आला. सदर भागातल्या वामनरावांच्या स्टुडिओतून, सेकंडहँड, पण दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. डोळ्याला लावायची भानगडच नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेवर अख्खं चित्र बघायचं.

माझ्या बायकोच्या, प्रेमिलाच्या भावाकडे, म्हणजे आमच्या मुकुंदाकडे, डोळ्याला लावायचा कॅमेरा आहे. एक डोळा मिटून बघतो. अर्धं जग बघणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. आज फक्त दोन तास घातला.

मुख्य काम: दसऱ्याला गावी जाऊन आईचा फोटो. बाबा गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. दादा म्हणतो त्यांच्या मिशा वर वळवलेल्या होत्या. मला खाली आठवतात. आईला विचारलं तर म्हणाली, सासरी कधी मान वर करून पाहिलंच नाही. आता बाबा कसे दिसत, हे सांगणारं कोणी नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आईच्या बाबतीत असं होऊ देणार नाही. तिला पंच्याहत्तरावं लागलं आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
काचेवर थोडं धुकं दिसतं. प्रेमिला म्हणते, काच ठीक आहे, तुम्हाला चाळीशी लागली. पेपर धरायला हात पुरत नाही म्हणते. मी सेहेचाळीसचा आहे. आमच्या घराण्यात कोणालाही चष्मा नाही. (आईचा मोतीबिंदू वेगळा.) रुमालाने काच पुसली. फरक पडला. बहुधा.

९ सप्टेंबर
कॉलनीतल्या बकरीवर प्रॅक्टिस, रोल न घालता. या काचेत उजवीकडचं डावीकडे दिसतं. बकरी एकीकडे निघाली की मी दुसरीकडे वळतो. असा वळत वळत शेजारच्यांच्या दोरीवरच्या चादरीत शिरलो. शेजारीणबाई बोलल्या. चादरीवर कोराडीच्या वीजकेंद्राची राख आधीपासूनच होती, चिखल तेवढा माझा.

सवय होईल. बकरीला अजून झाली नाही.

१५ सप्टेंबर
कॉलनीच्या गणपतीचं विसर्जन. गर्दी एवढी की मुकुंदाला पुढच्यांच्या पाठीच दिसत होत्या. मी कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरला आणि खालून काचेत बघितलं. हे त्याच्या बापजन्मात जमणार नाही. काचेत गणपतीही उलटा, उजवं-डावंही उलटं, तरी मी मागे सरकत सरकत बरोबर फ्रेम धरली.

नाली मागे होती. गुडघ्यापर्यंतच आहे.

२३ सप्टेंबर
पहिला रोल धुऊन आला. वामनरावांनी बारा फोटो काउंटरवर मांडले, एकेक उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, विजेची तार छान आली. तो गणपतीचा फोटो होता. वीजकेंद्रात मी ज्या स्टोअर्समध्ये आहे तिथल्या साहेबांच्या तिन्ही फोटोंत नाकपुड्या ठळक आहेत. पोटाच्या उंचीवरून काढलं की माणूस भव्य दिसतो, हे साहेबांना समजावलं. त्यांनी तिन्ही फोटो ठेवून घेतले आणि निगेटिव्हही मागितल्या. आवडले असावेत.

वामनरावांनी जाता जाता विचारलं, रुपरावजी, जवळचं नीट दिसतं ना? मी हो म्हणालो. धंद्यात लोकांना काही ना काही विचारावंच लागतं.

८ ऑक्टोबर, रविवार
ठरवलं: आईला खुर्चीवर बसवायचं आणि मी गुडघ्यावर. म्हणजे नाकपुड्यांचा प्रश्न मिटला. अंतर तीन फूट. बाराही फोटो आईचे, दुसऱ्या कोणालाही एक मिळणार नाही. फोकस चेहऱ्यावर.

प्रेमिलाने दसऱ्याला मुकुंदालाही गावी बोलावलं आहे. कॅमेरा घरी ठेवून ये, असं त्याला निक्षून सांगितलं.

११ ऑक्टोबर, दसरा. गावी.
सकाळच्या एसटीने सावनेर, तिथून बैलगाडी. मुकुंद कॅमेरा घेऊन आला.

आई आधी तयारच होईना. म्हणाली, "फोटो काढला का मानूस भिंतीवर जाते. तुह्या मावशीचा काढला अन् सा महिन्यात हार चढला." दादाने समजावलं, प्रेमिलाने समजावलं. शेवटी सोनं द्यायला सगळं घर येणारच आहे, बसून घेते, एवढ्यावर कबूल झाली. नवं लुगडं नेसली. अंगणात खुर्ची ठेवली. आमच्याकडे दसऱ्याला आपट्याची पानं हातात देऊन मोठ्यांच्या पाया पडतात, त्यामुळे सकाळपासून तिच्यापुढे रांगच होती. मी रांग थांबवली.

आधी मुकुंदाने पुढे येऊन कॅमेरा डोळ्याला लावला. आईने लगेच पदर तोंडावर ओढला. म्हणाली, हा कोन काया डब्यातून पाहून राहिला? मला हेच सांगायचं होतं. डोळ्याला यंत्र लावलं की समोरचा माणूस बिचकतो. मुकुंदाला बाजूला, गोठ्याकडे पाठवलं.

मग मी. गुडघ्यावर बसलो, दोन्ही हातांनी कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. पदर आपोआप खाली आला. आई एवढी प्रसन्न मी कधी पाहिली नाही. मी मान खाली घातली की म्हणायची, "सुखी राय, बाबू." पुन्हा घातली की पुन्हा, "सुखी राय." बारा फोटोंना बारा आशीर्वाद. ऊन काचेवर येत होतं, तरी मधोमध चेहऱ्याचा उजळ गोल स्पष्ट होता. त्यावरच दर वेळी फोकस केला.

शेवटचा फोटो झाल्यावर आईने प्रेमिलाला विचारलं, आज रुपरावले काय झालं, येवढं काहून पाया पडून राहिला? म्हातारपणी लक्षात राहत नाही. तिला सांगत बसलो नाही.

मुकुंदाने गोठ्याकडून एकदा बटण दाबल्याचा आवाज आला. बैलांचा काढला असेल.

१८ ऑक्टोबर
वामनरावांकडे गेलो. त्यांनी मला आधी स्टुलावर बसवलं. चहा मागवला. मग पाकीट दिलं.

बारा फोटो. बाराही फोटोंत उजव्या हाताचा पंजा. मागे कुठे पदराचा काठ, कुठे कानाची पाळी. चेहरा एकातही नाही. मी मान खाली घातली की आई आशीर्वादाला हात पुढे करत होती. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कॅमेरा दिसला नाही, पाया पडणारा मुलगा दिसला. आणि मी तीन फुटांवरून तिच्या तळहातावर फोकस करत बसलो.

वामनराव म्हणाले, फोकस मात्र एक नंबर. खरंच आहे. रेघन् रेघ मोजता येते. अंगठ्याखाली विळा लागल्याची जुनी खूण आहे. एवढ्या वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. बसमध्ये तीच बघत आलो.

कॅमेऱ्यात दोष असावा.

२२ ऑक्टोबर, रविवार
मुकुंद आला. एक फोटो टेबलावर ठेवला.

गोठ्याकडून काढलेला. आई खुर्चीवर, हात पुढे केलेला, चेहरा पूर्ण, तोंडभर हसते आहे. पुढचे दोन दात नाहीत तेही दिसतं. तिच्यापुढे गुडघ्यावर एक माणूस, मान खाली, डोक्यावर बशीएवढं टक्कल. माणूस ओळखीचा वाटला.

वामनरावांना गाठून विचारलं, मला कापून फक्त आई मोठी करता येईल का? म्हणाले, तुम्हाला कापलं तर आईंचा हात मनगटातून जातो. बघा. मी बघितलं. राहू द्या म्हणालो. येताना त्यांच्या शेजारच्या चष्मेवाल्याकडे सहज डोकावलो. दीडचा नंबर निघाला. प्रेमिलाला अजून सांगितलेलं नाही.

१ नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा. गावी.
फोटो मोठा करून, फ्रेम करून नेला. आईने तो डोळ्यांपासून दोन बोटांवर धरला. बराच वेळ बघितला. मग टकलावर बोट ठेवून प्रेमिलाला म्हणाली, "हा कोन म्हतारा वं?" प्रेमिलाने सांगितलं, तुमचेच चिरंजीव. आईने टकलावरून पुन्हा बोट फिरवलं. मला वाटलं आता भिंतीचं काढणार. मीच म्हणालो, तुझी इच्छा नसेल तर पेटीत ठेवू.

ती म्हणाली, "लटकव गा. एकलीचा असता तं नाही म्हनलं असतं. यात तू हायेस ना."

खिळा ठोकायला पुढे झालो. खिळ्याचं टोक धूसर दिसत होतं. खिशातून चष्मा काढून सगळ्यांदेखत घातला. प्रेमिला काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. चष्म्यातून फोटो पुन्हा पाहिला. आई हुबेहूब आहे. टक्कलही.

पाहुण्यांनी विचारलं, कोणी काढला? कल्पना, जागा, वेळ, खुर्ची सगळं माझं होतं. मुकुंदाने फक्त बटण दाबलं. पण हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा आई माझ्याकडेच बघत होती. मुकुंदाने काढला, असं म्हणालो.