चंद्राला दोरी कुठंय?

प्रिय मोहिनी,

फोन केला की "बघू गं आई" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. चौथीतलं अक्षर आहे, लागेल तसं वाच. परवा जावयांचा फोन आला होता. धुळ्यातच ज्युनियर कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली, सोमवारी सरांपुढे तास घेऊन दाखवायचा आहे, आणि तू म्हणतेस, बाळंतपणानंतर सगळं विसरले, जात नाही.

तू विसरलीस, मी नाही. जळगावची ती खोली आठव. तुझ्या अकरावी-बारावीसाठी आबांना केळीच्या बागेत एकटं टाकून मी तुझ्यासोबत आले. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरीच्या शाळेपायी आईचं बिऱ्हाड हललं! म्हटलं, बोला. मी भाकरी थापायची आणि तू कपाटाच्या दारावर खडूने मांडून मला शिकवायचीस. एकदा मी विचारलं, हा थीटा कोण मेला, रोज सगळ्यात नाक खुपसतो? तू हसून हसून पिठाच्या परातीत बसायची बाकी राहिलीस. पण पुन्हा सांगितलंस. मी अशी, कळल्याशिवाय मान हलवत नाही आणि चटकन कळतही नाही. कधी कुकरची शिट्टी, कधी विहिरीचा रहाट, एकेका गोष्टीला किती वाटा शोधायचीस! "ढ आहेस गं आई" म्हणून चिडायचीस, घोटभर पाणी प्यायचीस आणि परत सुरू. भाकरी करपायची. तसली करपकी भाकरी आता कुणासाठी करू?

सोमवारी समोर बसतील त्या सरांना फिजिक्स आधीच येतं. त्यांना काय भ्यायचं? अवघड गिऱ्हाईक मी होते.

बारावीच्या पेपरांआधी अंगणात तू भरल्या तांब्याला सुतळी बांधून गरगर फिरवलास. थेंब सांडला नाही. म्हणालीस, चंद्रही असाच फिरतो, म्हणून पडत नाही. मी म्हटलं, तांब्याला दोरी आहे, चंद्राला कुठंय? तू तोंड उघडलंस तोच गाठ सुटली आणि तांब्या थेट घरमालकीण सुनंदाबाईंच्या वाळत्या पापडांवर! त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यात शिकवणं राहून गेलं. "परीक्षा झाली की सांगते" म्हणालीस. मग पुणे झालं, लग्न झालं, छकुली झाली.

रविवारी पहिल्या एसटीने येतेय. भरिताची वांगी आणते. छकुलीला मी मांडीवर घेईन, तू उभी राहा आणि राहिलेलं तेवढं शिकव. विसरलीस की नाही, तिथंच कळेल. मग सोमवारी जायचं तर जा, नाही तर नको जाऊ. पण मला सांगितल्याशिवाय मी धुळ्याहून हलणार नाही. संध्याकाळी ओट्यावर भांडी घासताना वर बघते. तो पडत नाही, आणि माझी मान अजून हललेली नाही.

तुझीच,
दोन्ही वर्षं नापास झालेली
आई