दादाचे दाणे
माहूरचं रान, १९४१

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवून सांगते, मी आन् मामा खुशाल हावोत. माझा ताप उतरला.

तू इचारलंस, दादाचा जीव शांत झाला का. जिथं साग अंगावर पडून तो गेला, तिथून रोज कण्हल्यावानी आवाज येतो. मामा म्हणतेत, "पोरगं भुकेलं गेलं." म्हणून सागतोडीवाले तिथं जवारीचे दाणे ठेवतेत.

काल मी लपून पाहिलं. हिरव्या पाठीचा, लाल चोचीचा होला दाणे टिपून राहिला होता. लई भित्रा. चोच मिटूनच कण्हला, बराबर तसाच.

कोणाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर दादाचे दाणे बंद होतील.

आजबी मूठभर टाकले. आवाज आला, तर तोंडातून "ओ दादा" निघालंच.

तिकडं गावी, डोंगरकड्याला, तू रोज जेवतीस ना?

तुझी गोदा