मिलिंदचा रिपोर्ट

मंगळवार, १४ मार्च २००६. जयपूर

तीन वर्षं फक्त माझ्याच तपासण्या झाल्या. सुया, सोनोग्राफी, गोळ्या. आज पहिल्यांदा मिलिंदचा रिपोर्ट आला. शुक्राणू कमी आहेत, त्यांची हालचालही मंद आहे. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, “पहले सिगरेट बंद कीजिए, फिर देखेंगे.” यानं मान डोलावली आणि वैशाली नगरच्या चौकात स्कूटर थांबवून सिगरेट पेटवली. “टेन्शन आलंय गं,” म्हणे. आणि मला तीन वर्षं काय होतं?

घरी येते तोच साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. सोमवारचे उपास पुन्हा धर म्हणाल्या. दर वेळी मी हो म्हणते. आज का कोण जाणे, बोलून गेले, “आई, दोष माझ्यात नाही. मिलिंदचा रिपोर्ट बरा नाही. त्याला सिगरेट सोडायला सांगितलीय.”

मिलिंद समोरच बसला होता. चेहरा पांढराफटक. आईंना त्याच्या सिगरेटचा पत्ताच नव्हता.

वाटलं, आता आई मलाच बोलणार.

पण त्या हळूच म्हणाल्या, “मिलिंद नऊ वर्षांनी झाला मला. उपास मीच केले. यांना कुणी तपासलंच नाही. दे त्याला फोन.”