ढेरीचं खरं कारण

वन्सं,

परगावी जाताना कुत्रा माझ्या गळ्यात मारलात, अन् मागल्या भेटीत मलाच म्हणालात, "वहिनी, चारून चारून त्याचा ढोल केलास!"

ऐका आता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कुशिंग आजार. किडनीजवळची ग्रंथी हार्मोन जास्त सोडते, म्हणून ढेरी सुटते, केस गळतात, घटाघटा पाणी पितो अन् घरभर मुततो. आता जन्मभर जेवणासोबत गोळी, अधूनमधून रक्ततपासणी. अन्नाला तोंड लावलं नाही तर गोळी द्यायची नाही, आधी फोन करायचा.

ढेरी उतरली. पाठीवर केस आले. ह्यांच्या चपला पुन्हा पळवतो. हे म्हणतात, "ताईला कळव की!"

कळवते कशाला? सुधारला म्हटलं की न्यायला याल. म्हणून हे पत्र लिहून माझ्याच पेटीत ठेवतेय, टपालात टाकणार नाही. तुमच्या लेखी तो ढोलच राहू दे.

चारून माजवणारी,
तुमची वहिनी