सुंदराबाईचा अर्धा फॉर्म

मरोळ, अंधेरी (पूर्व)
७ जानेवारी २०२६

ती. सखुआत्यास,
नेत्राचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, आधी बस, मग वाच, कारण बातमी झकास आहे! आमच्या वकिलांच्या ऑफिसच्या वेबसाइटवर सोमवारी एक नवं मराठी पान येतंय आणि ते अख्खं पान तुझ्या भाचीने लिहिलंय. इतके दिवस नुसत्या फायली लावत होते, आणि आता एकदम हे!

पान आहे खासगीपणाचं. लोक वेबसाइटवर येतात, फॉर्ममध्ये आपली अडचण लिहून सल्ला मागतात. मग त्यांचं नाव, नंबर, घरातली भानगड आमच्याकडे कोण वाचणार, किती दिवस ठेवणार, नको असेल तर पुसून कशी घ्यायची, हे नव्या कायद्यामुळे स्पष्ट सांगावं लागतं. इंग्रजी पान इतकं किचकट की आमच्या मोठ्या वकीलबाई, इरावती मॅडम, स्वतःच वाचता वाचता जांभया द्यायला लागल्या. मला म्हणाल्या, बाजारातल्या बाईला कळेल असं मराठीत लिही. मी मनात म्हटलं, बाजारातली बाई तर माझ्या घरचीच आहे!

म्हणून छापलेलं पान सोबत पाठवतेय. त्यातलं माझं लाडकं वाक्य बघ: 'तुम्ही इथे लिहिलेलं तुमच्याशिवाय आणि वकिलाशिवाय कोणीही वाचणार नाही.' सगळ्यांना वाचून दाखव, फोनवर वेबसाइटही उघडून बघा, फॉर्म तिथे आधीपासूनच आहे. हे जमलं तर मॅडम मला कायम करणार आहेत. फसलं तर परत फायली.

फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन म्हणजे अख्ख्या मासळी बाजाराचा फोन. मी हॅलो म्हटलं की तिकडून चौघी ओ देतात! म्हणून पत्र. आमच्या गल्लीतल्या कृणालदादाची रिक्षा पवईवरून तुमच्याकडेच येतेय, त्याच्या हाती देते.

काकांना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, वर दोन बोंबील जास्त.

तुझी,
नेत्रा


मुलुंड
९ जानेवारी २०२६

चि. नेत्रास,
सखुआत्याचे अ. उ. आ.

पोरी, पान मिळालं. काल गुरुवार, गिऱ्हाईक तुरळकच, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. बायका इतक्या खूश की एकीने तर तुझ्यासाठी पापलेट काढून ठेवलं. मीही मिरवून घेतलं. पण आता वाट लागलीय गो! नीट वाच.

माझ्या शेजारच्या ओट्यावर सुंदराबाई बसते. तुझं पान ऐकून तिला धीर आला. माझा फोन घेऊन बर्फाच्या पेट्यांमागे फॉर्म लिहीत बसली. तेवढ्यात सुरमईचं गिऱ्हाईक आलं, तिने अर्ध्यात सोडून फोन परत दिला. संध्याकाळी मी तुझी वेबसाइट उघडते, तर तिचं सगळं लिहिलेलं जसंच्या तसं समोर! वाचायचं नव्हतं, पण वाचलं गेलं. बाजारातली आपली जागा तिला मुलाच्या, दादूच्या नावावर करायची नाही, पोरीला, माधुरीला द्यायचीय. लग्न झालेल्या पोरीला देता येईल का, आणि दादूला न कळता कागद होतील का, असं तिने विचारलंय.

आणि तो दादू रोज सकाळी धक्क्यावर फोन लावायला माझाच फोन मागतो! त्याने हे वाचलं तर म्हातारीला घरात राहू देईल का तो? मला पुसायला भीती वाटते, भलतंच बटण दाबलं आणि पाठवलं गेलं तर काय घ्या. शेवटी फोन बंद करून कोळंबीच्या टोपलीखाली दडवलाय आणि बिघडला म्हणून सांगितलंय. सगळा बाजार माझ्यावर भडकलाय, तुझे काकाही.

तुझं लाडकं वाक्य खोटं आहे, नेत्रा. रागाने नाही, धास्तीने लिहितेय. काहीतरी कर. आणि हो, पुढे तिने विचारलंच तर तुम्ही काय सल्ला दिला ते मला कळव. शेजारीण आहे, जीव तुटतो माझा.

आशीर्वाद आहेतच, आता डोकंही चालव.

तुझी,
सखुआत्या


मरोळ
१४ जानेवारी २०२६

ती. सखुआत्यास,
नेत्राचा शि. सा. न. वि. वि.

आधी तिळगूळ घे! तुझं पत्र वाचून लगेच कृणालदादाकडे चिठ्ठी दिली त्याप्रमाणे तू तो अर्धा फॉर्म सुंदराबाईच्याच हातून पुसून घेतलास, असं तो सांगून गेला, फार बरं केलंस.

खरं सांगू? पान तयार होतं, गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. पण मॅडमसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की माझं वाक्य खोटं आहे, पान थांबवा. मॅडमनी वेबसाइट सांभाळणाऱ्या सम्यकला बोलावलं. तो म्हणाला, अर्धवट लिहिलेलं हरवू नये म्हणून वेबसाइट ते त्या फोनवर जपून ठेवते, ही तर सोय आहे. मी म्हटलं, अरे, तू धरलंयस एक फोन म्हणजे एक माणूस, आमच्या बाजारात एका फोनवर वीस बायका आहेत! तो डोक्याला हात लावून बसला.

आता पान बंद केलं की लिहिलेलं आपोआप पुसलं जातं. सगळ्यांनी एकमेकांचे फोन घेऊन तपासलं, नुसता कल्ला! माझं वाक्यही बदललं: 'फोन दुसऱ्याचा असला तरी घाबरू नका, पान बंद करा, मागे काही उरणार नाही.' काल ते वेबसाइटवर आलं आणि, आत्या, मी कायम झाले! कायम!!

आता एक कडू बोलते. सुंदराबाईबद्दल मला विचारू नकोस. तिने लिहिलं का, काय लिहिलं, आम्ही काय सांगितलं, काहीही नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तरीही नाही. हवं तर चार शिव्या घाल.

रागावलीस तरी माझीच राहा.

तुझी,
नेत्रा


मुलुंड
२० जानेवारी २०२६

चि. नेत्रास,
अ. उ. आ.

कायम झालीस! तुझ्या काकांनी बाजारभर पेढे वाटले. हाताला बांगड्याचा वास, तरी सगळ्यांनी खाल्ले.

पण तुझं शेवटचं वाचून माझं टाळकं फिरलं. जिला मी न्हाऊमाखू घातलं, ती मला म्हणते विचारू नकोस! दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. इकडे सुंदराबाईही माझ्याशी बोलत नव्हती, मी तिचं वाचलं म्हणून. काल मात्र आपणहून आली आणि हळूच विचारलं, तुझ्या भाचीने माझ्याबद्दल काय कळवलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, कसलं काय, कार्टीने मलाही दारातूनच परत धाडलं.

आणि गो, ती बाई हसली! तिने परत काही लिहिलंच नव्हतं. तुझ्याकडून माझ्यापर्यंत काही पोहोचतं का, तेवढंच बघत होती. लगेच माझा फोन मागितला, पेट्यांमागे गेली आणि या वेळी पाठवूनच आली. मी पान उघडून बघितलं. कोरं करकरीत! आनंदाने ओरडलेच मी. आज सकाळी नवं लुगडं नेसून, माधुरीला घेऊन तुमच्या ऑफिसला निघालीय. काय ठरलं ते विचारणार नाही. जीव जातोय, पण नाही विचारणार.

आता एक माझं. मलाही एक गोष्ट विचारायची आहे, तुझ्या काकांना न कळता. किती वर्षं मनात ठेवलीय. या पत्रात लिहीत नाही. फॉर्ममध्ये लिहिते, तुझ्या मॅडमच वाचू देत. तू विचारायचं नाहीस हं.

मायेबरोबर आता भरवसाही ठेवणारी,
सखुआत्या