शेवटच्या डब्याचा फोटो

अण्णा, शरणु शरणार्थी.

मी माझे रेल्वेचे फोटो ठेसनाप्रमाणं लावून घरच्या ग्रुपवर टाकायलोय, ते तू बघतोसच. आजवर एकाही फोटोवर तू बोलला न्हाईस. काल भालकी ठेसनाचा टाकला आन् लगेच तुझा फोन आला. "बसू, तेवढा डिलीट कर. लई हललाय."

हललाय? शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली लख्ख दिसायलीय. मग तुला कामून खुपला, म्हणून मोठा करून बघितला.

अप्पा गेले त्या दिवशीचा फोटो हाय तो. आपल्यात मातीला बसवूनच नेतात. अप्पांना विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं, तू हैदराबादेहून येईपर्यंत. मी तुला आणायला ठेसनावर गेलो. तू उतरला न्हाईस. गाडी उदगीरकडं निघाली, तसा मी सवयीनं फोटो काढला. संध्याकाळी तू फोनवर रडत म्हणालास, "गाडीच चुकली रे."

फुलीशेजारच्या दारात तूच हाईस, अण्णा. डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघायलास. मी फुलीकडं बघत होतो.

उदगीरला तुझं कोण हाय? का अप्पांचं तोंडच बघायचं नव्हतं?

फोटो ग्रुपवर तसाच हाय. खाली गाडीचं नाव लिहिलंय, माणसाचं न्हाई. हे पत्र मात्र धाडत न्हाई. विचारलं तर तू पुन्हा म्हणशील, फोटो हललाय.

तुझी वाट बघितलेला,
बसवप्रभु
खटकचिंचोळी